बॉयलर पेटण्याआधी: देखभालीच्या सॉफ्टवेअरबद्दल ओंकारला पत्र

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

साखर कारखान्यात ईएएम सॉफ्टवेअर (यंत्रे, त्यांची देखभाल आणि सुटे भाग यांच्या नोंदी ठेवणारे) या बंद हंगामातच, म्हणजे गाळप नसताना, बसवायचे ठरले आणि देखभालीच्या बाजूने ते काम तुझ्याकडे आले, हे वाचून बरे वाटले. विक्रेत्याने दाखवलेले आलेख तू पाठवलेस, तेही पाहिले. ते वरच्या बैठकीत उपयोगी पडतील. मिल हाउसमधल्या फिटरला मात्र वेगळेच काही हवे असते. यंत्र उघडण्याआधी त्याला कळायला हवे की मागच्या वेळी इथे काय गेले होते, कोणता पार्ट लागेल, तो स्टोअरला आहे का, आणि कोणता ब्रेकर व कोणते व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावायचे. पहिल्या महिन्यात एवढे मिळाले की तो स्वतःहून नोंदी करील. मिळाले नाही तर महिनाअखेरीला सुपरवायझर वही उघडून सगळी जॉबकार्डे एका बसणीत भरील, आणि त्या माहितीवर काढलेला कोणताही आकडा खोटाच असेल.

सुरुवात यंत्रांच्या यादीपासून कर. विभाग, जागा, यंत्र, त्याचा मुख्य भाग, एवढ्या पायऱ्या पुरतात. ज्या वस्तूवर वेगळे काम निघते किंवा जिचा खर्च वेगळा पाहायचा आहे, तिलाच नंबर दे. सगळ्यात जास्त घोळ होतो तो जागा आणि यंत्र एकच धरल्यामुळे. ‘दोन नंबर मिलचा टॉप रोलर’ ही जागा झाली. तिथे आज बसलेला रोलर हे यंत्र, त्याचा नंबर त्याच्याबरोबर फिरला पाहिजे. हंगाम संपला की तो ग्रूव्हिंगला, म्हणजे खाचा पुन्हा पाडायला जातो, व्यास उतरतो, आणि पुढच्या वर्षी कदाचित दुसऱ्याच मिलमध्ये बसतो. शेलचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, व्यास किती उरला, किती टन ऊस त्याखालून गेला, रिशेल कधी केला (नवे कवच कधी चढवले), हा इतिहास रोलरचा. तिथले बेअरिंग दर वर्षी तापते, हा इतिहास जागेचा. दोन्ही एकाच नंबरवर चढवले तर तापण्याचा दोष रोलरवर जातो, चांगला रोलर बदलला जातो आणि नवा बसला तरी बेअरिंग तापतच राहते. मोटरींचेही तसेच. दोनदा रिवाइंड झालेली (आतली तार नव्याने गुंडाळलेली) मोटर आज कोणत्या पंपावर आहे, हे एका मिनिटात सापडायला हवे.

स्टोअरची जुनी यादी जशीच्या तशी वर चढवू देऊ नकोस, यात अजिबात मागे हटू नकोस. एकच 6312 बेअरिंग यादीत ‘बेअरिंग 6312’, ‘बॉल बेअरिंग 6312’ आणि ‘मोटर बेअरिंग 60 बोअर’ अशा तीन नावांनी पडलेले असते. एका कोडवर शिल्लक शून्य दिसते म्हणून रात्री गाडी पाठवून खरेदी होते, आणि दुसऱ्या कोडखाली तोच माल धूळ खात असतो. उलटा धोका त्याहून वाईट आहे. साधे 6312, 6312 सी3 आणि 6312 झेडझेड (दोन्ही बाजूंना शील्ड, म्हणजे पत्र्याचे झाकण असलेले) एकाच कोडमध्ये घातले, तर सी3 म्हणजे जास्त अंतर्गत क्लिअरन्स लागणाऱ्या तापत्या मोटरला साधे बेअरिंग जाते आणि ते अडकते. तेव्हा वस्तूचे नाव, क्रमांक, क्लिअरन्स, शील्ड किंवा सील, हा क्रम ठरवून घे आणि त्याच क्रमाने प्रत्येक नाव लिहायला लाव. मग पंपाच्या किंवा मोटरच्या नोंदीला त्याचे पार्ट जोड. या जोडणीशिवाय फिटरला वर्क ऑर्डरवर पार्ट दिसणार नाही.

किमान साठ्याच्या आकड्याकडे साखर कारखान्यात डोळसपणे पाहावे लागते. समज, एका पार्टचे वर्षाला 12 नग लागतात आणि सगळे गाळपाच्या 4 महिन्यांतच लागतात. सॉफ्टवेअर 12 महिन्यांची सरासरी काढून महिन्याला 1 म्हणते. माल यायला 2 महिने लागत असतील तर ते 2 नग उरल्यावर मागणी काढील. हंगामात खरा खप महिन्याला 3 आहे, म्हणजे मागणी 6 नगांवरच निघायला हवी, वर थोडा सुरक्षित साठा वेगळा. हंगामी वस्तूंचे हे आकडे हाताने भर.

आता पीएम, म्हणजे बिघाड होण्याआधी ठरवून केलेली देखभाल. ‘मोटरचे ग्रीसिंग करणे’ एवढेच लिहिलेल्या पीएमला काही अर्थ नाही. किती ग्रीस, कोणते, कुठे, ते लिही. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी (दोन्ही मिलिमीटरमध्ये) गुणिले 0.005, म्हणजे ग्रॅम. 6312 चा व्यास 130, रुंदी 31, म्हणून सुमारे 20 ग्रॅम. ग्रीसगनचे 10 स्ट्रोक काट्यावर तोलून एका स्ट्रोकचे वजन काढ आणि कार्डवर स्ट्रोकच लिही, फिटरला तेच कळते. जास्त ग्रीस मारले की बेअरिंग तापते आणि ग्रीस वाइंडिंगपर्यंत पोचते. दोन्ही बाजूंनी सीलबंद बेअरिंगला तर हे काम लावूच नकोस. प्रमाणित यादीवरून सरसकट पीएम चढवले की अशी कामे हमखास घुसतात.

पीएम तारखेवर लावायचे की चालू तासांवर, हेही आधीच ठरव. 120 दिवसांचा हंगाम म्हणजे सतत चालणाऱ्या पंपाचे 2,880 तास, आणि त्याच्या शेजारच्या स्टँडबाय (राखीव) पंपाचे कदाचित त्याच्या दहाव्या भागाइतकेही नाहीत. तारखेवर लावलेस तर जूनमध्ये उघड्या पडलेल्या पंपाला ग्रीसिंगचे काम निघेल, कोणी तरी ते ‘झाले’ म्हणून बंद करील आणि पीएम 100 टक्के दिसेल. स्टँडबायला मात्र तारखेवरचे एक काम हवेच: आलटून पालटून चालवणे.

बंद हंगामात सगळेच उघडायचे, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. 1978 साली युनायटेड एअरलाइन्सच्या नॉलन आणि हीप यांनी विमानांच्या घटकांवरचा अहवाल दिला. त्यात 89 टक्के घटकांना ठरावीक वयाला बदलून फायदा होत नाही असे दिसले, आणि बऱ्याच घटकांत बिघाड बसवल्यानंतर लगेचच जास्त होता. तो आकडा साखर कारखान्याला जसाच्या तसा लावू नकोस. रोलर, फायब्रायझरचे हॅमर, ट्रॅश प्लेट ही झिजणारीच मंडळी आहेत, ती वयावरच बदलावी लागतात. पण कंपन आणि तापमान हंगामभर सरळ राहिलेला पंप केवळ रिवाज म्हणून उघडला तर चुकीची अलाइनमेंट आणि कचरा आपणच आत घालतो. कोणता उघडायचा नाही हे नोंदीच्या आधाराने सांगता येणे, यातच मला या सॉफ्टवेअरचा मोठा फायदा दिसतो.

त्यासाठी बिघाडाची नोंद नीट हवी. इंजेक्शन पंपाचे (कंडेन्सरला थंड पाणी देणाऱ्या) बेअरिंग गेले, ‘बेअरिंग बदलले’ असे लिहून काम बंद केले, तर तेच बेअरिंग पुन्हा जाणार. ग्लँड पॅकिंगमधून गळणारे पाणी हाउसिंगमध्ये शिरून ग्रीस धुऊन नेत होते, हे लिहिले तर पुढचे काम पॅकिंगचे आणि शाफ्ट स्लीव्हचे निघते. म्हणून लक्षण, कारण, उपाय असे तीन रकाने ठेव, प्रत्येकात आठ-दहाच पर्याय, मराठीत, फिटरच्या शब्दांत. पन्नास पर्याय दिलेस तर सगळे ‘इतर’ निवडतील. यंत्र बंद पडल्याची वेळ, काम सुरू झाल्याची आणि यंत्र पुन्हा चालू झाल्याची, अशा तिन्ही वेळांची नोंद करायला लाव. पहिल्या दोन वेळांमधले अंतर बहुतेकदा स्टोअर आणि परमिटमध्ये (काम सुरू करण्याच्या लेखी परवानगीत) गेलेले असते, आणि ते दुरुस्तीच्या नावावर खपते. ‘तातडीचे’ हा शिक्का जिवाला धोका असेल किंवा गाळप थांबत असेल तेव्हाच. परमिटच्या पडद्यावर हिरवी खूण दिसली तरी कुलूप लावून, स्टार्टर दाबून पाहिल्याशिवाय कोणी हात घालायचा नाही, हे मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नकोस.

मिल हाउसमध्ये नेटवर्क तुटते, म्हणून मोबाइलवर ऑफलाइन नोंद होते का ते विक्रेत्याच्या खोलीत नव्हे, मिलच्या खाली उभे राहून पाहा. क्यूआरचे कागदी स्टिकर रस, वाफ आणि बगॅसपुढे (उसाच्या चोथ्यापुढे) टिकत नाहीत, कोरलेल्या धातूच्या पट्ट्या कर.

सगळा कारखाना एकदम घेऊ नकोस. मिल, बॉयलरचे फीड पंप आणि इंजेक्शन पंप बॉयलर पेटण्याआधी पक्के कर. साखर घर पुढच्या वर्षी केले तरी चालेल. चाचणीसाठी एक काम रात्रपाळीला, तू हजर नसताना, तक्रारीपासून बंद होईपर्यंत जाऊ दे. सकाळी त्या फिटरला विचार की कोणत्या पडद्यावर अडला, आणि तो पडदा आधी दुरुस्त करून घे.

तब्येतीला जप.

तुझी,
आई