नाकावर बोट

फ्रीमॉन्ट, रविवार

प्रिय कुंदा,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच "थांब, दूध उतू जातंय" म्हणतेस आणि परत येतेस तेव्हा विषय भलताच असतो. मला हे सलग सांगायचंय, म्हणून लिहितेय.

परवा मी पोळ्या करत होते. माझी नात ईरा तिच्या उंच खुर्चीत. अकरा महिन्यांची झाली, अजून एक शब्द बोलत नाही. तिच्या आईने, केतकीने, सहज विचारलं, "कोण आहे तिकडे?" तर पोरीने माझ्याकडे बघून नाकाच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं. माझी चमकी! हे तिला कुणीही शिकवलेलं नाही. केतकी तिला खुणा शिकवते, पण आजीची तिने शिकवलेली खूण अमेरिकन आहे, हनुवटीला अंगठा लावून पंजा पुढे न्यायचा. ती सोडून या पोरीने स्वतःची काढली. केतकी हसली, व्हिडिओ घ्यायला धावली. मी गॅस बंद करून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. इथे कुणाला कळलं नसतं का ते. तुझा भाऊ बापू, ज्याला ऐकू येत नाही, मला पहिलीपासून याच खुणेने हाक मारतोय.

आता हे खुणांचं काय प्रकरण आहे ते सांगते. इथे चांगल्या ऐकू येणाऱ्या बाळांना बोलायच्या आधी खुणा शिकवतात. सहा-आठ महिन्यांपासून सुरुवात करायची. दूध देताना मूठ उघडमीट करायची, धार काढल्यासारखी. 'आणखी'साठी दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींवर टेकवायच्या. 'झालं' म्हणताना दोन्ही पंजे बाहेर उलटवायचे. आणि दर वेळी तोंडाने शब्द म्हणायचाच. जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ बसायला बाळाला वेळ लागतो, हात त्याआधी ताब्यात येतात, एवढं साधं आहे ते. ईराला वरणभात आवडतो, तर चिमट्या आपटत राहते. कारलं दिलं की पहिल्याच घासाला पंजे उलटे. अगदी तू मेसमध्ये करायचीस तसं तोंड करून!

आमच्या विहीणबाई मात्र रोज व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "अगं, पोरगी मुकी राहील." त्यांना काळजी आहे, वाईट हेतू नाही. म्हणून मी नीट वाचून काढलं. इथून मोटारीने दीड-दोन तासांवर डेव्हिस म्हणून गाव आहे, तिथल्या विद्यापीठातल्या लिंडा अॅक्रेडोलो यांच्यापासून यातलं बरंच सुरू झालं. त्यांची लेक वर्षाची असताना फूल दिसलं की हुंगल्यासारखं नाक फेंदारायची, तीच तिची फुलाची खूण. मग त्यांनी आणि सुझन गुडविन यांनी वर्षानुवर्षं बाळांचा अभ्यास केला. 2000 साली छापलेल्या अभ्यासात 103 बाळं होती, आणि खुणा शिकलेल्यांचं बोलणं मागे पडलेलं नव्हतं. फायदाच होतो असंही त्यांचं म्हणणं. पण इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठातल्या लोकांनी 40 बाळं घेऊन पुन्हा तपासलं (ते 2013 साली आलं), तर भाषेत काही फरक सापडला नाही. म्हणजे जाहिराती सांगतात तशी पोरं हुशार वगैरे होत नाहीत. एक गोष्ट मात्र त्यांना दिसली. खुणा करणाऱ्या आया बाळाकडे जास्त लक्ष देऊन बघत होत्या, त्याला काय हवंय ते ओळखायला जात होत्या. मला तेवढं पुरे वाटतं. केतकी एरवी फोनमध्ये असते, पण ईराशी खुणा करताना तिला फोन खाली ठेवावाच लागतो.

खरं तर मला आणि तुला हे कुणी विद्यापीठातून सांगायची गरज नव्हती. बापूच्या मृणालने काय केलं होतं? कानाने ठणठणीत पोर, आई-बाप दोघंही बहिरे. पाळण्यात असताना शैलावहिनीकडे मूठ उघडमीट करून दूध मागायची. त्याला कुणी पद्धत म्हटलं नाही. उलट तुझी आई घाबरून तिला आपल्याकडे घेऊन आली, की बापूच्या घरात राहिली तर बोलणार नाही, आणि तू आईच्या बाजूने उभी राहिलीस. त्यावरून आपण गणपतीच्या दिवसांत एकमेकींशी बोललो नव्हतो, आठवतंय? उकरून काढत नाही. एवढंच की मृणाल आज वकील आहे आणि कोर्टात न्यायाधीशांना तिला थांबवावं लागतं.

इथे फ्रीमॉन्टला बहिऱ्या मुलांची सरकारी शाळा आहे, खूप जुनी, 1980 साली बर्कलीहून इथे आली. त्यामुळे गावात कुठेही जा, बाजारात, बसमध्ये, कॉफीच्या दुकानात माणसं हातांनी गप्पा मारत असतात. भांडतात, चिडवतात, पोरांना दटावतात. कुणी वळून बघत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बापूची ती शाळा आठवली. हात बाकाखाली ठेवायला लावायचे, वर आले की पट्टी. काणे बाईंच्या तासाला आपण दोघी त्याच्याच खुणांनी बोलायचो आणि पकडलं गेलं तर पट्टी फक्त मला मिळाली (तू अजून म्हणतेस की तुलाही मिळाली, नाही मिळाली!). पण आपल्याला बडबडीसाठी एकदा. त्याला रोज, आणि त्याच्याजवळ असलेल्या एकुलत्या एका भाषेसाठी.

हे त्या एका शाळेचं नव्हतं ग. 1880 साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की मुलांना बोलायलाच शिकवायचं, खुणा बंद. जगभरच्या शाळांनी ते उचललं. तो ठराव चुकला, त्याने नुकसान झालं, असं त्याच परिषदेने व्हँकुव्हरला म्हटलं ते 2010 साली. बापू तोवर निवृत्तीला आला होता.

म्हणून मला झोप लागत नाही. ईराची काळजी नाही मला, ती आज ना उद्या बोलेलच आणि बोलायला लागली की या पोरांच्या खुणा आपोआप गळतात. काळजी आपल्या सच्याच्या ओमची आहे. तुझ्या कानावर आलं असेलच. कानांची बेरा टेस्ट झाली, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात ऐकू यायचं यंत्र बसवायचं ठरलंय, आणि ते करावंच, मी नको म्हणत नाही. पण त्याला ट्रेनिंगला नेतात तिथल्या बाईंनी सांगितलंय की घरात कुणीही खुणा करायच्या नाहीत, नाहीतर पोर आळशी होईल, बोलणार नाही. पूजा फोनवर म्हणाली, "मावशी, मी त्याच्याशी बोलताना हात मागे धरते."

कुंदा, ऐकू येणाऱ्या माझ्या नातीने हात हलवला की सगळं घर टाळ्या वाजवतं, आणि ज्या पोराला डोळ्यांखेरीज भाषेला दुसरी वाटच नाही, त्याची आई हात मागे धरून बसते. ओम ईराहून थोडा मोठा. ईराला दूध, आणखी, झालं, कुत्रा, दिवा, आजी इतकं सांगता येतं. त्याला काय येतं? रडता येतं.

ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी ऐकू येतं असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. यंत्र चालू करायलाच काही आठवडे जातात, मग आवाज ओळखायला शिकवावं लागतं, त्यात महिने, कधी वर्षं जातात. कुणाला खूप फायदा होतो, कुणाला कमी. तोवर त्या डोक्याला काहीतरी खायला घालायला नको का? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात लॉरा-अॅन पेटिटो यांनी बहिऱ्या आई-बापांची बहिरी बाळं पाहिली, ती हातांनी बोबडं बोलत होती, आपली पोरं बाबाबा करतात तसं. 1991 सालची गोष्ट. म्हणजे भाषा यायला निघालेली असते, वाट मिळेल तिथून येते.

तज्ज्ञांचं एकमत आहे असं मी पूजाला खोटं सांगणार नाही. 2017 साली अमेरिकेतल्याच एका अभ्यासात इम्प्लांट झालेल्या ज्या मुलांच्या घरी खुणा नव्हत्या त्यांचं बोलणं पुढे निघालं. त्यावर दुसऱ्यांनी लगेच विचारलं, की ज्या मुलांना यंत्राचा फायदा कमी होतो त्यांच्याच घरी खुणा टिकतात, मग खुणांमुळे मागे पडली कशावरून? वाद चालू आहे. पण वाद मिटेपर्यंत ओम मोठा व्हायचा थांबणार नाही.

तुझं कसं चाललंय? कळसाच्या वर्गणीचं भांडण मिटलं का? मोतीबिंदू थंडीत करून घे, पुढे ढकलू नकोस. नितीनच्या बदलीचं कळव. माझं बीपी ठीक, गुडघे आहेत तसे.

आता काम. मी इथून फोनवर सांगून पूजाला पटणार नाही, मी नातीची हौस करणारी अमेरिकेतली मावशी. केतकीचं पुस्तक पाठवूनही उपयोग नाही, इथल्या खुणा वेगळ्या. यांची अक्षरंसुद्धा एका हाताची, आपल्याकडची दोन हातांची. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा कोश आहे, 2021 साली त्यात 10,000 शब्द झाले, सगळे व्हिडिओ फोनवर फुकट दिसतात. मृणालला म्हणावं पूजाला ते लावून दे. पण त्याआधी तू बापूला आणि शैलावहिनीला घेऊन सच्याकडे जा. त्या घरात कुणी मोठा झालेला, नोकरी केलेला, संसार केलेला बहिरा माणूस पाहिलेलाच नाही. त्यांना वाटतं, असं मूल मोठं होऊन काय होतं कुणास ठाऊक. बापू होतो, हे त्यांना बघू दे. भाषण करू नकोस, तुला सवय आहे. बापूला ओमशेजारी जमिनीवर बसव आणि तू पूजाबरोबर चहा कर.

रविवारी जा, सच्या घरी असतो. विश्रामबागेत जुन्या जागेवरच राहतात, तिसरा मजला, लिफ्ट बंद असते तेव्हा दमाने चढ. वहिनीला आदल्या दिवशी कळव, ती भडंग केल्याशिवाय कुणाकडे जात नाही. आणि पूजा काय म्हणाली ते मला त्याच रात्री लिही, माझ्याकडे सकाळ असेल.

तुझी,
सुमा