युगांडाचे तीळ, न्यूर्नबर्गचा बाजार

कंपाला, १० मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

युगांडाचा सेंद्रिय माल जर्मनीत न्यूर्नबर्गच्या बायोफाख या सेंद्रिय मालाच्या व्यापारी प्रदर्शनात कसा मांडतात आणि गिऱ्हाईक कसं मिळतं, हे तुम्ही विचारलंत. प्रदर्शन दर फेब्रुवारीत चार दिवस असतं आणि तिथे प्रमाणित सेंद्रिय मालच मांडता येतो. टोपल्या, झेंडे, शेतकऱ्यांचे मोठे फोटो पाहून माणसं थांबतात, पण कंटेनर विकला जातो तो वानगी आणि कागदांवर. ही तयारी इथे कंपालातच व्हावी लागते. मोठ्या खरेदीदारांच्या भेटीच्या वेळा जानेवारीतच भरून जातात, म्हणून डिसेंबरमध्येच मेल जायला हवी: माल कोणता, किती टन, कधी निघेल, प्रमाणपत्र कोणाच्या नावावर.

तुम्ही तिळाचा व्यवहार केलाय, म्हणून तिळाचंच सांगतो. वानगी विक्रीला असलेल्या लॉटमधूनच काढायची. निरनिराळ्या पोत्यांतून वरचे, मधले, तळाचे तीळ घेऊन एकत्र करायचे आणि त्याचे तीन भाग करायचे: एक खरेदीदाराला, एक लॅबला, एक सीलबंद करून गोदामात. पुढे वाद झाला तर हा तिसरा भागच कामी येतो. हाताने निवडलेले लख्ख तीळ मांडण्याचा मोह अनेकांना होतो. मग खरेदीदार तोच दर्जा कंटेनरभर मागतो, आणि वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण १९ टन तीळ जातात!

लॅबच्या रिपोर्टमध्ये साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची तपासणी हवीच. पेंढ्या वाळवून उघड्या जमिनीवर झोडल्या, आसपास कोंबड्या-शेळ्या फिरल्या, की हा जंतू मालात शिरतो. ताडपत्री आणि कुंपण एवढ्यानेही बराच फरक पडतो. भारतातून गेलेल्या तिळात २०२० साली इथिलीन ऑक्साइड हा जंतू मारायला वापरतात तो वायू सापडल्यापासून त्याचीही तपासणी मागतात. कीटकनाशकांच्या अंशाबाबत जर्मन व्यापारी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमला अडतात. तेवढा अंश शेजारच्या कापसाच्या फवारणीतून किंवा जुन्या पोत्यांतूनही येऊ शकतो. २००८ मध्ये उत्तर युगांडात मलेरियासाठी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारला गेला. शेतकरी धान्य, तीळ घरातच साठवतात, त्यामुळे शेतात थेंबही न पडता त्या भागाचा सेंद्रिय व्यापार कोलमडला. म्हणून माल घरात न ठेवता शेतकरी गटाच्या गोदामात ठेवणं मला प्रमाणपत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं.

प्रमाणपत्राचे नियमही बदललेत. पूर्वी एकच निर्यातदार हजारो शेतकऱ्यांचं प्रमाणपत्र स्वतःच्या नावावर ठेवायचा. युरोपच्या २०१८/८४८ या कायद्याने, जो २०२२ पासून लागू आहे, शेतकऱ्यांच्या गटालाच कायदेशीर नोंदणी लागते आणि एका गटात २,००० हून जास्त सभासद चालत नाहीत. गटाची नोंदणी आणि सभासद किती, याचं उत्तर स्टॉलवरच्या माणसाला तोंडपाठ हवं.

व्हॅनिलाची पारख मात्र डोळ्यांदेखत होते. खरेदीदार शेंग बोटाला गुंडाळतो. तडकली तर जास्त वाळलीय. वर पांढरं दिसलं तर भिंग काढतो: सुईसारखे चमकणारे कण असले तर ते व्हॅनिलिनचे स्फटिक, उत्तम माल, लव असलेला मळकट डाग म्हणजे बुरशी, आणि मग अख्खी जुडी बाद. अर्धवट वाळलेल्या शेंगा गच्च बांधल्या की बुरशी धरते. चोरीच्या भीतीने शेंगा कोवळ्याच तोडतात, त्यांना वासही धरत नाही. म्हणूनच इथलं सरकार तोडणीची तारीख जाहीर करतं.

ताजी फळं मांडायची तर अननस आणि केळ्यांना फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचा, दाखला लागत नाही, आंब्याला लागतो.

भाव सांगताना ‘मोंबासा एफओबी’, म्हणजे केनियातल्या मोंबासा बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा भाव, असं स्पष्ट म्हणायचं. कंपालापासून बंदर ११०० किलोमीटरहून लांब आहे. ते ट्रकभाडं विसरून भाव दिला की नफा रस्त्यातच संपतो. सौदा ठरल्यावर सर्वांत महागात पडणारी चूक तपासणी दाखल्याची, म्हणजे त्या खेपेचा माल सेंद्रिय असल्याच्या दाखल्याची. युरोपच्या ‘ट्रेसेस’ या ऑनलाइन यंत्रणेत हा दाखला माल देशाबाहेर पडण्याआधीच निघायला हवा. ट्रक आधी सरहद्दीपार गेला आणि दाखला मागाहून निघाला, तर तिकडे तो माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. म्हणून इथले जाणते निर्यातदार दाखला हातात आल्याशिवाय ट्रक गोदामातून हलू देत नाहीत.

काकूंना नमस्कार. बाकी क्षेम.

आपला,
मंदार