जुने राउटर, स्विच, केबल भंगारात घालू नका, आमच्याकडे द्या

सप्रेम नमस्कार,

घराच्या माळ्यावर, कार्यालयाच्या स्टोअररूममध्ये किंवा शाळेच्या कपाटात तळाशी पडलेल्या एका खोक्यासाठी हे आवाहन आहे. त्यात एकदोन जुने राउटर असतात, केबलींचा गुंता असतो, कशाचे ते कुणालाच न आठवणारे अडॅप्टर असतात, कधी एखादा सोळा पोर्टचा स्विचही, म्हणजे एका जाळ्यातली अनेक यंत्रे केबलने जोडणारा डबाही निघतो. नवी जोडणी आली, वेग वाढवून घेतला, जागा बदलली, म्हणून हे सामान बाजूला पडले. त्यातले बरेचसे आजही चालण्यासारखे आहे आणि आम्हाला त्याची गरज आहे.

आमची संस्था वाचनालये, शाळा, आरोग्य केंद्रे आणि छोट्या संस्थांना इमारतीच्या आतले इंटरनेटचे जाळे उभारून देते व ते चालू ठेवते. शक्य तिथे आम्ही वापरलेलेच साहित्य लावतो. पैसे वाचतात हे खरेच, पण आमचा आग्रह त्यापुढचा आहे. एकदा बनलेले उपकरण जमेल तितकी वर्षे कामात राहावे, बिघडले तर दुरुस्त व्हावे, दुरुस्त होत नसेल तर त्याचे सुटे भाग दुसऱ्यात जावेत आणि अगदी शेवटी उरलेला धातू वेगळा काढला जावा. चक्रीय अर्थव्यवस्था ती हीच, आणि तिच्यातला हा क्रम आम्ही कसोशीने पाळतो.

रिसायकलिंगला दिले की झाले ना, असे बरेच जण विचारतात. तेवढ्याने भागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. राउटर ज्या वर्गात मोडतात त्या छोट्या संगणकीय आणि दूरसंचार उपकरणांचाच वाटा ४६ लाख टनांचा होता. जे प्रक्रियेपर्यंत पोहोचते त्यातून तांबे, सोने, ॲल्युमिनियम परत मिळते. पण दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंत लागणारे काही खास धातू, यांची जगाची गरज पाहिली, तर तिच्यातली जेमतेम एक टक्का ई-कचऱ्यातून भागते. शिवाय चिप घडवताना खर्ची पडलेली वीज, अतिशुद्ध पाणी, रसायने यांतले काहीच भट्टीतून परत येत नाही. चालती चिप चालती ठेवली तरच ते सगळे कारणी लागते.

आमच्या टेबलावर येणारी उपकरणे पाहिली की एक गोष्ट सारखी जाणवते. झिजून मेलेली उपकरणे थोडी असतात. बाकीची कुठल्या तरी किरकोळ कारणाने सोडून दिलेली असतात.

सर्वांत किरकोळ कारण म्हणजे अडॅप्टर. राउटर दर दोन मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू होतो, म्हणून तो ‘गेला’ असे ठरते. अडॅप्टर उघडून पाहावा, तर आतल्या छोट्या नळकांड्यासारख्या कपॅसिटरचा (वीज क्षणभर साठवणाऱ्या भागाचा) सपाट असायला हवा तो माथा फुगलेला दिसतो. मल्टिमीटर लावला तर रिकामा असताना अडॅप्टर बरोबर १२ व्होल्ट दाखवतो, पण राउटरचा भार पडला की घसरतो. तो एक कपॅसिटर काढून तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच क्षमतेचा नवा सोल्डर केला की अडॅप्टरही वाचतो आणि राउटरही. म्हणून हात जोडून विनंती, की राउटर देताना त्याचा अडॅप्टर त्याला रबरबँडने बांधून द्या, बंद पडलेला असला तरी द्या. तीच गोल पिन ९ व्होल्टच्या अडॅप्टरला असते, १२ च्या असते आणि २४ च्याही असते. चुकीचा लागला तर बोर्ड जळतो, त्यामुळे अडॅप्टरशिवाय आलेले उपकरण तपासायलाच फार वेळ जातो.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. कंपनी त्या मॉडेलचे फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालवणारा आतला प्रोग्राम, सुधारणे थांबवते आणि त्यातली सुरक्षेची भोके तशीच राहतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने जगभरचे राउटर आणि कॅमेरे कारखान्यातून आलेल्या पासवर्डांच्या आधारे ताब्यात घेतले होते. त्यामुळे जुने उपकरण पुसून जसेच्या तसे शाळेत लावणे आम्हाला मान्य नाही. आम्ही त्यावर शक्य असेल तर ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे मुक्त फर्मवेअर चढवतो. लिंकसिस कंपनीच्या एका राउटरचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला झाला, त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला आणि आज शेकडो मॉडेलांवर तो चालतो. त्याला किमान ८ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि ६४ एमबी रॅम (काम चालू असतानाची मेमरी) लागते, दुप्पट असेल तर उत्तम. त्याहून कमी मेमरी असलेला राउटर आम्ही कुणाच्या दारात उभा करणार नाही. त्याचे अँटेना, पोर्ट, अडॅप्टर मात्र काढून घेतो.

तिसऱ्या कारणावरचा उपाय पूर्णपणे देणाऱ्याच्या हातात आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. मोठ्या कार्यालयांतले अनेक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी यंत्रे) आणि स्विच उत्पादकाच्या क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या, खात्याला बांधलेले असतात. जुन्या मालकाने खात्यातून ते मोकळे केले नाहीत, तर दुसऱ्या कुणालाही ते वापरता येत नाहीत. उत्तम स्थितीतले यंत्र केवळ एक नोंद न काढल्यामुळे कचरा होते. कार्यालयांच्या आयटी विभागांना आमची कळकळीची विनंती आहे, की साहित्य निकाली काढण्याच्या यादीत ‘खात्यातून काढले’ असा एक रकाना घाला आणि तो भरल्याशिवाय खोके बाहेर पाठवू नका. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने लावलेले मोडेम किंवा फायबरचे यंत्र पुष्कळदा तिच्याच मालकीचे असते. ते आम्हाला न देता तिलाच परत करा.

केबलबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त नासधूस तिचीच होते. कॅट-५ई दर्जाच्या तांब्याच्या केबलवर १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिटचा वेग मिळतो. हे तंत्र १९९९ मध्ये प्रमाणित झाले आणि आजही एखाद्या वाचनालयाला ते पुरून उरते. केबल सहसा मधे खराब होत नाही, टोकाच्या कनेक्टरची खिट्टी मोडते. टोक कापून नवा कनेक्टर क्रिंप केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला, की काम होते. पण जागा रिकामी करताना घाईत कटरने तिचे तुकडे केले जातात आणि मग वजनावर विकण्याखेरीज तिचा उपयोग उरत नाही. केबल अखंड ओढून घ्या, सैल गोल गुंडाळा, लांबी माहीत असेल तर चिठ्ठी लावा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली केबल ओळखू आली तर तसे सांगा. तिच्यातून ॲक्सेस पॉइंटला वीज पुरवणे आम्ही टाळतो, ती तापते.

सगळेच जुने जपावे असे आमचे म्हणणे नाही. सतत ८ वॅट घेणारा राउटर वर्षाला सुमारे ७० युनिट वीज खातो, ते ठीक. पण जुना, पंखे घरघरणारा १०० वॅटचा स्विच चोवीस तास चालवला तर वर्षाला ८७६ युनिट होतात. दहा जणांच्या कार्यालयासाठी तो पुन्हा लावणे पर्यावरणाच्या दृष्टीने तोट्याचे आहे. असे यंत्र आम्ही सुट्या भागांसाठीच घेतो. फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या मात्र कृपया आणू नका, त्या पेट घेऊ शकतात. थेट अधिकृत संकलन केंद्रावर द्या. बॅटरी मेलेला यूपीएस चालेल. त्यातली शिशाची बॅटरी आम्ही अधिकृत प्रक्रियाकाकडे पाठवतो आणि बाकी यंत्र नव्या बॅटरीवर पुन्हा उभे राहते.

हे वेड आमचे एकट्यांचे नाही. स्पेनमधल्या कातालोनियात २००४ पासून ‘गुईफी.नेट’ हे लोकांनी मिळून उभारलेले जाळे चालू आहे. त्याच प्रदेशातल्या बार्सिलोनात सुरू झालेल्या ‘ईरीयूज’ या उपक्रमाने जुन्या उपकरणांचा प्रवास शेवटच्या रिसायकलिंगपर्यंत नोंदवण्याची पद्धत बसवली. आम्हीही प्रत्येक वस्तूवर क्रमांक चिकटवतो. ती कुठून आली, काय बदलले, कुठे लागली हे नोंदवहीत लिहितो. तुम्ही दिलेला स्विच आज कुठल्या शाळेत आहे हे तुम्ही केव्हाही येऊन विचारू शकता.

माहितीची काळजी वाटणे रास्त आहे. राउटरमध्ये वायफायचा पासवर्ड आणि जोडणीचे खाते साठलेले असते. शक्य असेल तर मागचे रिसेटचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. आम्ही ते पुन्हा पुसतोच. हार्ड डिस्क पूर्ण पुसून तशी लेखी पोच देतो, आणि जी पुसता येत नाही ती मोडून टाकतो.

साहित्याइतकीच माणसांची गरज आहे. सोल्डरिंग येणारे हात कमी पडतात. आयटी क्षेत्रातून निवृत्त झालेल्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तर तरुण मुले हे काम शिकतील. तांत्रिक काहीच येत नसेल तरी अडॅप्टर तपासून त्यावर व्होल्ट लिहिणे, नोंदवही ठेवणे, केबल गुंडाळणे ही कामे आहेत आणि ती रखडली की सगळेच रखडते. आर्थिक देणगी देणार असाल तर ती कपॅसिटर, कनेक्टर, यूपीएसच्या बॅटऱ्या, मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची साधने यांवरच खर्च होईल. पावती मिळेल आणि वर्षाचा हिशेब सूचना फलकावर लागेल.

ज्यांच्याकडे आज देण्यासारखे काही नाही, त्यांनी पुढच्या खरेदीच्या वेळी विक्रेत्याला एवढे विचारावे: याला सुरक्षेच्या सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, याचे झाकण स्क्रूने उघडते की चिकटवलेले आहे, अडॅप्टर सर्वसाधारण आहे की फक्त याचाच, आणि वापर संपल्यावर तुम्ही हे परत घ्याल का. खरेदी करणाऱ्या संस्थांनी ही उत्तरे निविदेतच लेखी मागावीत. पाच वर्षांनी आमच्या टेबलावर काय येणार ते बरेचसे तिथेच ठरते.

साहित्य संस्थेच्या कार्यालयात कामकाजाच्या वेळेत स्वीकारले जाईल. सामान जास्त असल्यास आधी कळवा, कार्यकर्ते येऊन घेऊन जातील. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी जोडा आणि तिच्यावर ती चालू आहे की बंद, बंद असेल तर नेमके काय होते, एवढे दोन ओळींत लिहा.

आपले नम्र,
संस्थेचे सर्व कार्यकर्ते