चालकाविना ट्रॅक्टरची परीक्षा संध्याकाळी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शेतीच्या पानावर आलेला चालकाविना ट्रॅक्टरचा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी धारा काढून झाल्याबरोबर लिहायला बसलो. कॅमेऱ्याला ऊन, ढग, अंधार सगळे सारखेच, असा त्या लेखाचा सूर आहे. मी २६ वर्षे तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवला आणि आता पूर्णवेळ शेती करतो. कॅमेऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे मला दोन्हीकडून माहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात श्रावण लागायच्या सुमारास माझ्याच शेतात कॅमेऱ्याने पिकाची ओळ बघत चालणाऱ्या अशा ट्रॅक्टरचे प्रात्यक्षिक झाले. कंपनीचे नाव लिहीत नाही. पंचवीस दिवसांचे सोयाबीन, चार ओळी सोयाबीनच्या आणि दोन तुरीच्या. सकाळी अकराला स्वच्छ उन्हात त्याने अशी सरळ कोळपणी केली की माझा सालगडीही बघत राहिला. ते मी मान्य करतो. फोटो निघाले, पाहुणे जेवून गेले.

राहिलेला एकरभर तुकडा करायला कंपनीची दोन पोरे मागे थांबली. दुपारी एक सर येऊन गेली आणि साडेपाचला पुन्हा ट्रॅक्टर चालू झाला. मी म्हणालो, "बाबांनो, पश्चिमेच्या धुऱ्यावर लिंब आहे. त्याची सावली ओळींवर यायच्या आत आवरा." उत्तर आले, "काका, सॉफ्टवेअरला सावली कळते."

आधी ढगांनी छळले. भिजलेली काळी जमीन चौकटीत जास्त असली की कॅमेरा तिला उजळ करायला बघतो आणि त्या नादात पाने पांढुरकी पडतात. तेवढ्यात ढग सरकून ऊन आले की पुन्हा सगळा हिशेब नव्याने. यंत्र थांबायचे, झटका देऊन निघायचे. ओळी पूर्व-पश्चिम असल्याने पश्चिमेकडे तोंड झाले की सूर्य थेट भिंगात. तिथे ते उभेच राहिले, आणि थांबले ते बरे केले. पण वळून पूर्वेकडे निघाले तेव्हा लिंबाच्या खोडाची सावली ओळींवर किंचित तिरपी, लांबलचक पडलेली होती. यंत्राने ओळ सोडली आणि सावलीची कड धरली. ४० पावलांत सोयाबीनच्या दोन आणि तुरीच्या दोन ओळी मुळासकट उपटल्या. त्या तुरीच्या नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, माझ्या आईने वाकून वाकून हाताने भरल्या होत्या. तिचे वय ७४ आहे.

असे का झाले, ते स्टुडिओत काम केलेला कोणीही सांगेल. सावली म्हणजे नुसता कमी उजेड नव्हे. उन्हातल्या पानावर सूर्याचा प्रकाश पडतो. सावलीतल्या पानावर मुख्यतः निळ्या आकाशाचा. म्हणूनच झाडाखाली उभ्या केलेल्या नवरीचा चेहरा फोटोत निळसर यायचा आणि आम्हाला तो धुताना सुधारून घ्यावा लागायचा. साधे यंत्र चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यात हिरवा, लाल आणि निळा रंग किती ते आकड्यात मोजते, हिरव्याची दुप्पट करून त्यातून लाल आणि निळा वजा करते आणि उत्तर ठरावीक आकड्याच्या वर गेले की त्याला पीक म्हणते. उजेडाचा रंगच बदलला तर तो आकडा काय कामाचा?

हे कोडे जगाला नवे नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९०च्या दशकात लसूणघास कापणारे यंत्र कॅमेऱ्यावर चालवले, तेव्हा त्यांनाही सावलीने अडवले होते. ऊन आणि आकाशाचा उजेड हे दोन वेगळे दिवे मानून त्यांनी गणित मांडले. उपाय आणखीही आहेत. हिरवे पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवते, तो टिपणारा कॅमेरा लावता येतो. दोन कॅमेऱ्यांनी रोपाची उंची मोजता येते, कारण सावलीला उंची नसते. कॅमेऱ्याभोवती खोपी करून आत स्वतःचे दिवे लावता येतात. पण हे सगळे यंत्रात आहे का, असे विकणाऱ्याला विचारणार कोण? लेखकाने तरी विचारायला हवे होते.

लेखात ज्या परदेशी ट्रॅक्टरचा गौरव आहे, त्याची गोष्टच निराळी आहे. जॉन डिअरने जानेवारी २०२२ मध्ये दाखवलेल्या ट्रॅक्टरवर कॅमेऱ्यांच्या सहा जोड्या होत्या, पण त्या मुख्यतः वाटेतला अडथळा ओळखायला. रस्ता त्याला जीपीएस सांगते. आमच्याकडे पेरणीच जीपीएसने झालेली नसते. तिफणीने किंवा साध्या ट्रॅक्टरने पेरलेली ओळ जिथे वाकली तिथे वाकली, ती डोळ्यांनीच धरावी लागते. म्हणून आमच्या शेतात कॅमेरा चुकला तर पीक जाते. एवढा फरक शेतीच्या पानावर यायला नको?

मी भरपाई मागत नाही. राग याचा आहे की त्या दिवसाच्या अहवालात फक्त सकाळचे अकरा आहेत. संध्याकाळचे सहा कुठेच नाहीत, आणि प्रात्यक्षिक यशस्वी म्हणून नोंदले गेले. राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी ठेवले. त्यातला एक रुपयाही अशा यंत्राच्या अनुदानावर जाण्याआधी ते ओल्या काळ्या रानात, ढगाळ दुपारी आणि सूर्य समोर असताना चालवून बघावे आणि किती रोपे उपटली ते मोजून छापावे. माझे शेत त्यासाठी मोकळे आहे. लिंब अजून धुऱ्यावरच आहे.

आणखी एक. तुमच्या शेवटच्या पानावर पंचांगाशेजारी सूर्योदय-सूर्यास्ताची चौकट असायची. ती काही महिन्यांपूर्वी जाहिरातीसाठी काढली. माझी आई रोज ती वाचून घ्यायची, आणि फवारणी कधी आटोपायची ते मीही त्यावरूनच ठरवायचो. कृपया ती परत सुरू करावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
ता. वसमत, जि. हिंगोली