फीट आली की घड्याळ पाहा

संपादक महोदय,

माझ्या धाकट्या बहिणीला मिरगी, म्हणजे अपस्मार आहे. पूर्वी फीट आली की आम्ही तिचे हातपाय दाबून धरायचो, कुणी दातांत चमचा घालायला धावायचं. दोन्ही चूकच. घड्याळाकडे मात्र कुणाचंच लक्ष नसायचं.

ग्लुटामेट हे रसायन मेंदूतल्या पेशींना चेतवतं, तर गाबा त्यांना आवरतं. दोघांचंही काम पेशींच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरमार्फत, म्हणजे त्यांचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनांमार्फत चालतं. झटका लांबला की गाबाचे बरेचसे रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात आणि ग्लुटामेटचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर उलट पृष्ठभागावर वाढतात. गाडीचा ब्रेक सुटावा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच राहावा, तशी ही अवस्था. झटका थांबवायला दिली जाणारी मिडाझोलामसारखी औषधं गाबाच्याच रिसेप्टरवर काम करतात. ते कमी झाले की औषधाचा गुणही उतरतो. म्हणूनच ५ मिनिटांहून जास्त चाललेला झटका ही तातडीची वेळ मानतात.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणखी एक बदल दिसला आहे. दीर्घ झटक्यांनंतर हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागात, ग्लुटामेटच्याच एएमपीए या दुसऱ्या रिसेप्टरमधला कॅल्शियमला अडवणारा घटक कमी होतो. कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी मरू शकतात. याच रिसेप्टरला रोखणारं पेरॅम्पॅनेल हे औषध २०१२ पासून वापरात आहे.

अपस्मारावरच्या लेखांत हे सगळं सोप्या भाषेत यायला हवं. ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणणाऱ्यांना मी आता या रिसेप्टरबद्दलच सांगतो. घरात फीट आली की एक जण बहिणीला कुशीवर वळवतो, दुसरा मिनिटं मोजतो.

– एक वाचक