८९ क्रमांकाची जर्सी

सोलापूर,
१४ डिसेंबर २०२५

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू सांगितलेस की तिकडे अमेरिकेत, बफेलो शहरात पहिल्यांदाच आइस हॉकीचा सामना पाहिलास, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या जर्सीवर ८९ हा आकडा व त्याच्या वर 'मोगिल्नी' हे नाव होते. ते नाव तू अडखळत वाचलेस आणि ‘बाबा, हा कोण ते माहीत आहे का?’ असे सहज विचारलेस. मी ‘आहे माहीत’ एवढेच म्हणालो, कारण तुझी आई फोनसाठी हात पुढे करून उभी होती आणि हे प्रकरण दोन मिनिटांत आटोपण्यासारखे नव्हते. म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

मे १९८९ च्या पहिल्या आठवड्यात माझी क्रीडा पानावर रात्रपाळी होती. आपला क्रिकेट संघ वेस्ट इंडिजमध्ये मालिका ३-० अशी गमावून बसला होता आणि पान त्याच रडकथेने भरले होते. अशात टेलिप्रिंटरच्या भेंडोळ्यातून एक बातमी उतरली : स्टॉकहोममध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकलेल्या सोव्हिएत संघातला वीस वर्षांचा एक खेळाडू बेपत्ता झाला असून तो अमेरिकेकडे गेल्याचे समजते. मी ती चार ओळींवर आणली, वर ‘रशियन हॉकीपटू पळाला’ असे ठोकले आणि बुद्धिबळाच्या निकालाखाली उरलेल्या जागेत बसवून दिली. घाईत त्याच्या नावाचे ‘मोगिलानी’ झाले, आणि दुसऱ्या दिवशी एकाही वाचकाने ती चूक दाखवली नाही. पुढे निवृत्तीपर्यंत मी या माणसाच्या बातम्या वाचत राहिलो, आणि त्या शीर्षकातले ‘पळाला’ हे क्रियापद मला वर्षागणिक अधिक टोचत गेले.

अलेक्झांडर मोगिल्नी १८ फेब्रुवारी १९६९ रोजी खाबारोव्स्क येथे जन्मला. हे शहर आमूर नदीच्या काठी, चीनच्या सीमेला लागून आहे. मॉस्कोहून रेल्वेने निघाल्यास साडेआठ हजार किलोमीटर पडतात आणि घड्याळात सात तासांचा फरक आहे. म्हणजे बफेलोला जाण्याच्या कितीतरी आधी, पोरवयातच, हा मुलगा घरापासून परदेशाइतका दूर गेला होता. मॉस्कोचा ‘सेस्का’ हा सैन्याचा क्लब. सक्तीच्या लष्करी सेवेच्या नावाखाली देशभरातली होतकरू मुले त्याला उचलता येत, आणि त्याच क्लबचे प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक असल्याने नाही म्हणण्याची सोयच नव्हती. खेळाडूंना वर्षातले बहुतेक महिने शहराबाहेरच्या छावणीत ठेवले जाई; लग्न झालेल्यांनाही घरी जायचे तर परवानगी लागे.

त्या छावणीतून जे तयार होई ते मात्र अव्वल होते, हे नाकारता येत नाही. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा मोगिल्नीचा एकोणिसावा वाढदिवस स्पर्धा चालू असतानाच झाला. पुढच्या जानेवारीत, वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत, मधल्या जागी सर्गेई फ्योदोरोव्ह आणि दोन बाजूंना पावेल बुरे व मोगिल्नी अशी फळी उतरली व सुवर्ण घेऊन परतली. क्रुतोव्ह, लारिओनोव्ह आणि मकारोव्ह या प्रख्यात त्रिकुटाची जागा पुढे हे तिघे घेतील, असा तिखोनोव्हांचा हिशेब होता. तो हिशेब दोन वर्षांत उधळला गेला. तिघेही एकामागून एक अमेरिका-कॅनडात पोहोचले, आणि पहिला गेला तो मोगिल्नी.

बफेलो सेबर्स या क्लबने अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक ‘नॅशनल हॉकी लीग’च्या १९८८ च्या निवडीत (नव्या खेळाडूंवर क्लब आळीपाळीने हक्क सांगतात, तीत) पाचव्या फेरीत, ८९ व्या क्रमांकावर त्याचे नाव घेऊन ठेवले होते. सोव्हिएत खेळाडू मिळण्याची आशा जवळजवळ कोणालाच नसल्यामुळे एवढा गुणी मुलगा इतक्या खाली शिल्लक राहिला. स्टॉकहोमची स्पर्धा संपताच त्याच्याकडून बफेलोला फोन गेला, क्लबचे दोन अधिकारी तातडीने विमानाने तिथे पोहोचले, आणि काही दिवस जागा बदलत, लपत-छपत त्यांनी त्याला अमेरिकेत आणले. तू पाहिलेल्या जर्सीवरचा ८९ हा आकडा यातूनच आला : निवडीचा क्रमांकही ८९ आणि देश सोडल्याचे सालही ८९.

आता माझ्या शीर्षकाकडे येतो. कागदोपत्री तो सैन्यातला कनिष्ठ अधिकारी होता, म्हणून मायदेशी त्याच्यावर सैन्यातून पळाल्याचा गुन्हा लागला. त्याच उन्हाळ्यात फेतिसोव्ह, लारिओनोव्ह, मकारोव्ह यांच्यासारखे वयस्क खेळाडू सरकारच्या संमतीने, कमाईतला वाटा सरकारला देऊन रीतसर अमेरिका-कॅनडात गेले, पण विशीतल्या अधिकाऱ्याला तो दरवाजा उघडा नव्हता. त्याने रजा मागायची कोणाकडे आणि निरोप घ्यायचा तरी कसा? असा बेत आईवडिलांच्या कानावर घालणे म्हणजे त्यांनाच चौकशीच्या तोंडी देणे होते. खाबारोव्स्कमधल्या त्या घरात त्या आठवड्यात काय चालले असेल, याचा विचार त्या रात्री माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला पानाची जागा भरायची होती.

५ ऑक्टोबर १९८९ रोजी क्वेबेकविरुद्ध तो पहिला सामना खेळला आणि विसाव्या सेकंदाला त्याने गोल केला. वर्तमानपत्रांना असे प्रारंभ फार आवडतात, पण त्या मोसमाचा उरलेला भाग तसा नव्हता. ६५ सामन्यांत अवघे १५ गोल झाले, भाषा येत नव्हती, आणि त्यात विमानप्रवासाची इतकी धास्ती बसली की काही काळ तो संघापासून दूर राहिला व काही सामन्यांना मोटारीने गेला. ज्या लीगमध्ये आठवड्याला दोन-तीन शहरे गाठावी लागतात, तिथे ही लहानसहान अडचण नव्हे. पहिल्या हिवाळ्यात तू ‘इथे चारलाच अंधार पडतो आणि खोलीत कोणी नसते’ असे म्हणाला होतास, तेव्हा मला एरी सरोवरावरून येणाऱ्या त्याच बर्फात एकटा मोटार हाकणारा तो विशीतला मुलगा आठवला होता. तुला मी ते बोललो नव्हतो.

पण त्याने आपला आलेख एकेक पायरीने वर नेला : १५ नंतर ३० गोल, मग ३९, आणि १९९२-९३ च्या मोसमात ७७ सामन्यांत ७६. त्या वर्षी एवढेच गोल विनिपेगच्या तेमू सेलानेने केले, म्हणून दोघे बरोबरीत राहिले. तू आता खेळ पाहिला आहेस, तेव्हा त्याची करामत तुला समजेल. मोगिल्नी डावखुऱ्या पद्धतीने काठी धरी आणि उजव्या बगलेवर खेळे. अशा खेळाडूच्या काठीचे पाते मैदानाच्या मध्याकडे उघडे राहते, त्यामुळे मधून आलेली रबरी चकती (पक) थांबवण्याची गरज नसते. ती येते त्याच क्षणी फटकारता येते आणि गोलरक्षकाला सरकायला सवड मिळत नाही. ती चकती त्याला पुरवणारा मध्य खेळाडू होता पॅट लाफोंतेन, ज्याने त्या मोसमात १४८ गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून) मिळवले. शिवाय मोगिल्नीचा वेग असा होता की बचावपटू वळेपर्यंत तो त्याच्या पाठीमागे पोहोचलेला असे. त्या वर्षी त्याने आपल्या शेहेचाळिसाव्या सामन्यातच पन्नासावा गोल केला, पण दुखापतीमुळे मधले काही सामने हुकलेले असल्याने आणि मोजणी संघाच्या पहिल्या पन्नास सामन्यांवरून होत असल्याने तो विक्रमाच्या वहीत चढला नाही. मला हा नियम अजूनही पटलेला नाही, पण ते असो. त्याच वसंतात बाद फेरीत त्याचा पाय मोडला, आणि पुन्हा कधीही एका मोसमात ७६ च्या जवळपास तो गेला नाही.

पुढच्या मोसमात लाफोंतेन जायबंदी झाल्यावर सेबर्सने त्याला कर्णधार केले. त्या लीगमध्ये कर्णधार होणारा तो पहिला रशियन. १९९५ मध्ये क्लबने त्याला व्हँकुव्हरला देऊन टाकले. ज्याने आपला संघ आपण निवडावा म्हणून एवढी जोखीम घेतली, त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवताना त्याचे मत विचारावे लागत नाही, हा तिकडच्या व्यवसायाचा रिवाज मला तेव्हाही विचित्र वाटला होता. व्हँकुव्हरला जुना जोडीदार बुरे होता, पण त्याचा गुडघा लवकरच निकामी झाला आणि एकट्या मोगिल्नीने ५५ गोल केले. त्यानंतर कमरेच्या दुखण्याने त्याला कधी सोडले नाही. मार्च २००० मध्ये तो न्यू जर्सीला गेला आणि त्याच जूनमध्ये स्टॅनले कप, म्हणजे त्या लीगचे विजेतेपद, जिंकलेल्या संघात होता. ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद आणि स्टॅनले कप अशी तिन्ही शिखरे चढलेल्या मोजक्या खेळाडूंत त्याची गणना झाली. पुढे टोरांटोकडून खेळताना त्याला सभ्य खेळासाठीचा लेडी बिंग पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये कारकीर्द थांबली तेव्हा ९९० सामन्यांत ४७३ गोल आणि एकूण १०३२ गुण त्याच्या नावावर होते. इतके असूनही टोरांटोच्या हॉकी सन्मानगृहात त्याचे नाव लागायला हे २०२५ साल उजाडावे लागले. पात्र झाल्यावर सोळा वर्षे त्याचे नाव मागे पडत राहिले.

दरम्यान ज्या देशाने त्याला पळपुटा ठरवले तो देशच नकाशावरून गेला. १९९६ च्या विश्वचषकात मोगिल्नी रशियाकडून खेळला, आणि निवृत्तीनंतर तो खाबारोव्स्कच्याच ‘आमूर’ क्लबचा अध्यक्ष झाला. म्हणजे मुलगा घरी परतला, फक्त मधे कितीतरी वर्षे गेली आणि ती कोणाला परत देता आली नाहीत.

अमेय, मेमध्ये पदवी झाल्यावर तू तिथेच नोकरी धरणार आहेस, हे आम्हाला दिवाळीत तुझ्या मावसभावाच्या तोंडून कळले. तुझी आई तेव्हा चकल्या पाडत होती; तिने सोऱ्या खाली ठेवला, ‘बरे झाले’ म्हणाली आणि पुन्हा तळायला बसली. त्यानंतर तिने तुला एका शब्दाने विचारले नाही, कारण तू स्वतः सांगशील अशी ती वाट पाहते आहे. तू तिथे राहण्याला माझी हरकत नाही. मला खुपले ते एवढेच की तुझ्या खिशात पासपोर्ट आहे, हातात फोन आहे, तू बोललास म्हणून आमच्या दारात कोणी चौकशीला येणार नाही, आणि तरीही तू आम्हाला न सांगता गेल्यासारखे केलेस. त्या मुलाला जे करणे भाग होते ते तुला नव्हते.

तेव्हा येत्या रविवारी फोन करशील तेव्हा आधी आईशी बोल आणि तिला तू स्वतः सांग. तिला आधीच ठाऊक आहे हे मी तुला लिहिले, ते तिच्यापाशी काढू नकोस. आणि ते जर्सीवाले गृहस्थ पुन्हा दिसले तर त्यांना माझ्यासाठी एक विचार. क्वेबेकविरुद्धच्या त्या सामन्यात, जुन्या ऑडिटोरियममध्ये, विसाव्या सेकंदाला ते जागेवर बसलेले होते, की अजून बाहेर तिकिटाच्या रांगेतच होते?

तुझा,
बाबा