माईक नवऱ्याच्या हातात

मा. संपादक, स.न.वि.वि.

३ ऑक्टोबर २०२५ ला सारा मुल्लाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू, म्हणून जाहीर झालं. चौदाशे वर्षांत त्या खुर्चीवर बसणाऱ्या पहिल्या बाई, त्याआधी नर्स होत्या. तेव्हापासून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर जी जुंपलीय ती काही केल्या थांबत नाही, म्हणून म्हटलं तिथे टाइप करकरून अंगठे दुखवून घेण्यापेक्षा एकदाच पेपरला लिहून टाकावं. ग्रुपवरच्या एका बाजूचं म्हणणं थोडक्यात असं, की बायकांनी पाळक (मंडळीचे धर्मगुरू) व्हायचं, बिशप व्हायचं हे सगळं गोऱ्यांचं खूळ आहे आणि परदेशी चर्चेसशी असलेल्या पार्टनरशिपच्या पैशाला चिकटून ते इतर देशांत येतंय. त्यावर शंभरेक थम्ब्स-अप पडलेत.

आता जरा तारखा बघा. फ्लॉरेन्स ली टिम-ओई, हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या चिनी बाई, दुसऱ्या महायुद्धात मकावमध्ये मंडळी सांभाळत होत्या. युद्धामुळे तिथे प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) द्यायला कुणी पुरुष पाळक पोचूच शकत नव्हता, सगळं काम ह्याच करत होत्या, मग हाँगकाँगचे बिशप हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ ला त्यांना रीतसर दीक्षा दिली. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, चर्चमधल्या त्या पहिल्या स्त्री पाळक. आणि ह्याला विरोध कुणी केला? इंग्लंडातल्या वरिष्ठांनी! इतका आरडाओरडा झाला की १९४६ मध्ये ह्या बाईंनी पाळकाचं काम करायचं आपलं लायसन्स बाजूला ठेवलं, दीक्षा मात्र सोडली नाही. चर्च ऑफ इंग्लंडने स्वतःच्या पहिल्या स्त्री पाळकांना दीक्षा दिली १९९४ ला, म्हणजे बरोबर ५० वर्षांनी. बिशपांचंही तेच. एलिना वामुकोया स्वाझिलँडमध्ये २०१२ ला बिशप झाल्या, चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पुष्पललिता २०१३ ला नंद्यालच्या बिशप झाल्या, इंग्लंडला पहिली स्त्री बिशप मिळाली जानेवारी २०१५ मध्ये. मग कोण कुणाचं बघून शिकलं? सगळं काही इकडूनच तिकडे गेलं असं मी म्हणत नाही, अमेरिकेत बार्बरा हॅरिस १९८९ लाच बिशप झाल्या होत्या आणि मुल्लाली यांच्या निवडीवर नाराज झालेल्यांत आफ्रिकेतली मोठमोठी चर्चेस आहेत, त्यांची कारणंही एकापेक्षा जास्त आहेत. पण "गोऱ्यांचं खूळ" हे मात्र साफ चूक.

मराठी वाचकांना तर हे सांगायची गरजच पडू नये, कारण आपल्याकडे पंडिता रमाबाई होऊन गेल्या. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला लागल्या, तिथे पुरुषांनाही शिकवायचा विषय निघाला तर हिंदुस्थानातल्या बिशपांनीच मोडता घातला, का तर बाईने पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशात काय म्हणतील! म्हणजे संस्कृती रमाबाईंची, आणि ती त्यांना समजावून सांगणार साहेब. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती तर ह्या म्हणाल्या संस्कृत हवं, लॅटिन मलाही येत नाही आणि माझ्या लोकांनाही नाही. तिकडच्या ज्या सिस्टर (ख्रिस्ती जोगीण) त्यांना आईसारख्या होत्या त्यांच्याशीसुद्धा पत्रातून कडाकडा भांडल्या, पण नातं तोडलं नाही. मला विचाराल तर खरी पार्टनरशिप ही, जिच्यात भांडता येतं. पुढे रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ ला जे उज्जीवन (धार्मिक जागृती) झालं त्याच्यावर तिथल्याच अमेरिकन सहकारी मिनी अब्राम्स यांनी एक पुस्तिका लिहिली, ती त्यांनी चिलीतल्या आपल्या मैत्रिणीला पाठवली आणि १९०९ ला चिलीत जी पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी) चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी ही पुस्तिका आहे. केडगाव ते चिलीतलं वालपाराइसो, मध्ये कुठलाही बोर्ड नाही, कमिटी नाही, दोन बायकांमधला पत्रव्यवहार.

बरं, आता आमच्याकडचं सांगते. परदेशातल्या एका मंडळीशी आमची बरीच वर्षं पार्टनरशिप आहे, ते येतात आम्ही जातो. मागे त्यांची टीम आली त्याची प्रमुख एक पाळकबाई होत्या, हे ईमेलमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी आमच्या सेक्रेटरींनी स्टेजवर माईक नेऊन दिला तो बाईंच्या शेजारी उभ्या असलेल्या उंच, चष्मेवाल्या गृहस्थांच्या हातात, आणि वर "रेव्हरंड साहेब, दोन शब्द बोला" म्हणाले. ते गृहस्थ म्हणजे बाईंचे यजमान. ते बिचारे लालेलाल झाले आणि म्हणाले, "मी फक्त बॅगा उचलायला आलोय." सगळे हसले, मीही हसले. माईक बाईंकडे गेला, पण उपदेश आधीच दुसऱ्यांना दिलेला होता त्यामुळे बाईंना मिळाली शुभेच्छांची पाच मिनिटं.

खरी गंमत पुढेच आहे. दुपारी मीटिंगमध्ये बाईंनी विचारलं, तुमच्या कमिटीत महिला किती? आमच्या लोकांनी अभिमानाने सांगितलं, दोन. त्या म्हणाल्या, वा, मला भेटायचंय त्यांना. तर त्या दोघी तेव्हा आत पाहुण्यांची भांडी विसळत होत्या. त्यातली एक मी. हात पदराला पुसत बाहेर आले, नमस्कार केला आणि बाईंनी मला पहिलाच प्रश्न विचारला की ह्या वर्षीच्या प्रोजेक्टचं बजेट तुम्ही पाहिलं का. मी पाहिलं नव्हतं. कमिटीत असून पाहिलं नव्हतं, ही माझीही चूकच, कधी मागितलंच नाही.

पण संपादक साहेब, दोष फक्त आमचाच असं नका समजू. त्याच बाईंच्या चर्चकडून दर वर्षी रिपोर्टचा जो फॉर्म येतो त्यात "लाभार्थी महिला किती" असा कॉलम आहे, तो आम्ही भरभरून लिहितो. हा प्रोजेक्ट ठरवताना महिला किती होत्या, असा कॉलम नाही. म्हणजे घेणाऱ्यांत बाई मोजायची, ठरवणाऱ्यांत नाही, आणि ह्यात तिकडचे आणि इकडचे दोघांचंही छान जमतं.

हे जुनंच दुखणं आहे. १९१० ला एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत बाराशेच्या आसपास प्रतिनिधींत आशियातले जेमतेम वीसेक, त्यातले एक आपल्याकडचे पाळक व्ही. एस. अझरिया उभे राहिले आणि म्हणाले की तुम्ही तुमची मालमत्ता दिलीत, देह झिजवलात, आता आम्हाला मित्र द्या. पुष्कळांना झोंबलं. १९७१ ला केनियातले चर्चचे नेते जॉन गाटू तर म्हणाले, मिशनरी आणि पैसा दोन्ही काही काळ थांबवा, आम्हाला आमच्या पायावर उभं राहू द्या. १९७७ ला जुन्या लंडन मिशनरी सोसायटीच्या वारशातून कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशन नव्या रूपात उभं राहिलं, तिथे देणारे-घेणारे अशी रांग मोडून सगळी चर्चेस एका टेबलाभोवती बसून पैशाचं ठरवायला लागली. चांगलंच झालं. फक्त अझरियांनी मागितलेली मैत्री पुरुषापुरुषांतच अडकून पडू नये एवढंच माझं म्हणणं.

आणि बायकांनी ह्याचं उत्तर फार आधीच काढून ठेवलंय. १९५६ ला शांती सॉलोमन नावाच्या भारतीय बाई वेगवेगळ्या देशांतल्या चर्चच्या महिलांबरोबर आशियात फिरत होत्या, कोरियाचा व्हिसा मिळाला नाही म्हणून फिलिपिन्समध्येच थांबावं लागलं. दुसरं कुणी असतं तर चिडून परत गेलं असतं. ह्यांना तिथे बसल्या बसल्या सुचलं की प्रार्थनेला सीमा नसते, तर प्रत्येक बाईने प्रार्थना करताना आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला टाकावं. फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉइन म्हणतात त्याला. ह्यातली मेख अशी की जास्त टाकायचंच नाही, श्रीमंत देशातल्या बाईनेही आपलं लहानात लहानच टाकायचं, त्यामुळे दाता कोण आणि गरजू कोण हे त्या डब्याकडे बघून कळतच नाही. आमच्या घरी आईचा असा एक पत्र्याचा डबा होता, झाकण दबलेलं, लहानपणी मला वाटायचं एवढ्या चिल्लरने काय होणार. आता त्या कमिटीत बसून मोठाले आकडे ऐकते तेव्हा तो डबा फार आठवतो.

कुणी म्हणेल बाईला पाळक करण्याचा प्रश्न शास्त्राचा आहे, पार्टनरशिपचा नाही. असेल, त्यावर अभ्यासू लोकांनी जरूर वाद घालावा, माझा तेवढा अधिकार नाही. पण आजाऱ्याला रात्री भेटायला जाणं, मयताच्या घरी बसणं, संडे स्कूल, हे सगळं बाईने केलं तर शास्त्र आड येत नाही, ते नेमकं सहीच्या अधिकाराशीच येऊन आड येतं, ह्याचं मला नवल वाटतं.

आता पुढच्या फेरीत जायची पाळी आमची आहे. नोटीस बोर्डवर सहा नावांची यादी लागलीय, सहाही पुरुष, त्यातल्या दोघांचे पासपोर्टसुद्धा अजून निघायचेत. माझा निघालेला आहे. यादीचा फोटो काढून मी ग्रुपवर टाकलाय आणि खाली बजेटची कॉपी मागितलीय. दोन दिवस झाले, निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही.

आपली,
मंडळीतली एक वाचक